लुकलुकपूरच्या पोटातला घोरोबा

जबलपूरला जाऊन आले असं म्हटलं की लोक लगेच भेडाघाटचे फोटो मागतात. माझ्याकडे आहेत थोडे, त्यातल्या निम्म्यांत माझा अंगठा आलाय. पण मी गेले होते ते लुकलुकपूर बघायला. हे शहर कुठल्याही नकाशात नाही. चेरीतालमधल्या एका घराच्या अंगणात ते कोजागरीच्या सुमारास उभं राहतं, तुळशीचं लग्न झालं की पुन्हा त्याची माती होते, आणि जितके दिवस असतं तितके दिवस त्याच्या पोटात एक राक्षस झोपलेला असतो. यंदाच्या दिवाळीत तिथे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. सांगलीत परत आल्यापासून ज्याला त्याला सांगते आहे, तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

शहर नानाचं. नाना माझा आतेभाऊ. माझी आत्या लग्न होऊन सांगलीहून जबलपूरला गेली, ती दिवाळीत किल्ला करायची सवय सोबत घेऊन. त्या गल्लीत किल्ला कुणाला ठाऊक नव्हता. शेजारपाजारचे येऊन कुतूहलाने विचारायचे, "भाभी, ये मिट्टी काहे की?" आत्या गेली, तिचं मराठी बोलणं गेलं, पण किल्ला नानाकडे राहिला. नाना आयुष्यभर संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाला. त्याच्या हाताला सारखं काहीतरी जोडायला लागतं. त्याने किल्ल्याला आधी तटाबाहेर बाजार दिला, मग चौक, मग मनोरे, आणि बघता बघता किल्ल्याचं शहर झालं.

फोनवर दर दिवाळीला तो मला शहराची खबरबात द्यायचा. यंदा माझे गुडघे बरे होते. गेले.

वसुबारस, चेरीताल

स्टेशनवर घ्यायला प्रीती आली होती, नानाची सून. माहेर शहपुऱ्याचं, शेतीवाल्यांचं. स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. तिचा नवरा, माझा भाचा अमोल, रेल्वेत, म्हणजे सणासुदीला हमखास ड्यूटीवर. "बुआजी, ये तो पड़वा को ही आएँगे," प्रीती म्हणाली, "और बाबूजी को तो आपके आने की खुशी में नहाने की भी फुर्सत नहीं।"

अंगणात पाय ठेवला आणि बॅग हातातच धरून मी उभी राहिले. भिंतीपासून तुळशीपर्यंत शहर पसरलं होतं. दोऱ्याच्या रिळांचे मनोरे, दंतमंजनाच्या डब्यांचे घुमट, बंद पडलेल्या घड्याळांच्या चाकांची कारंजी. रस्ते भेडाघाटच्या पांढऱ्या दगडांच्या चुऱ्याचे. डोंगरउतारावर अळिवाची हिरवळ बोटभर वर आलेली. आणि मध्ये सगळ्यांच्या डोक्यावरून एक लांबलचक पूल.

"काहून उभी राहिली अशी? ये न," मातीचे हात पसरत नाना आला. "पाह्य, फ्लायओवर टाकून राहिलो यंदा. जबलपुरात झाला, तर मग लुकलुकपूरनं काय पाप केलं?"

त्याच्या मागे ईरा, त्याची नात, दुसरीतली. पुढचे दोन दात पडलेले, हातात चिकणमातीचा हत्ती. "नमस्ते, बुआ दादी."

"ईरा, सांग आत्याआजीला, महालात कोण राहतं?" नानाने विचारलं.

"रानी रहती है। नाना, कल ही तो बताया था आपको।"

नाना मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. तासाभरात माझ्या लक्षात आलं की या घरातलं बोलणं असंच चालतं, आणि कुणाचं काही अडतही नाही. फक्त दर उत्तरानंतर नाना क्षणभर थांबतो. चहात साखर कमी पडली की माणूस थांबतो ना, कुणाला सांगू का नको म्हणत, तसा.

दिवेलागणीला त्याने मला हाताला धरून आतल्या खोलीत ओढलं, दिवा मालवला आणि खिडकीच्या पडद्याआड उभं केलं. "बोलू नको आता. ऐक."

बाहेर ईरा एकटीच शहरापुढे उकिडवी बसली होती. डोंगराच्या पायथ्याशी एक काळं भोक होतं, वीतभर रुंदीचं. तिने चकलीचा तुकडा घेतला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि अगदी हलक्या आवाजात बोलायला लागली.

"घोरोबा, जेवला का? चकली आणली. आत्याआजी आली आहे, तिने आणली. तिचे केस लाल आहेत." (मेंदी. चालायचंच.) "आज मॅडमने मला स्टार दिला. मम्मीने पराठा जाळला पण कोणाला सांगू नको. आता खा आणि झोप."

स्वच्छ मराठी. मी वळून बघितलं तर नाना डोळे मिटून उभा होता.

मग चहा पिताना त्याने घोरोबाची कुळकथा सांगितली. सत्त्याण्णव साली जबलपुरात भूकंप झाला तेव्हा अमोल लहान होता. नंतर कितीतरी दिवस तो घरात झोपायला तयार होईना. त्या दिवाळीत नानाने किल्ल्याखाली सिमेंटचा जुना पाइप पुरला आणि पोराला सांगितलं, शहराखाली घोरोबा नावाचा राक्षस आहे. तो कूस बदलतो तेव्हा जमीन हलते. त्याला रोज खायला घातलं आणि दोन शब्द बोललं की तो गाढ झोपतो, घोरतो, आणि शहर शाबूत राहतं. अमोल स्वतः खाऊ घालायला लागला आणि घरात झोपायलाही लागला.

"आणि ईराला सांगितलं, घोरोबाला हिंदी येत नाही," नाना म्हणाला. "खोटंच सांगितलं. पण शकू, शाळा हिंदी, गल्ली हिंदी, तिची आई हिंदी, अमोलही आता हिंदीच. मी कोणावर रागावून नाही राहिलो. प्रीतीसारखी सून मिळायची नाही. पण आई गेल्यापासून या घरात मराठी बोलणारा मी एकटा. वर्षभर पोरगी माझ्याशी एक शब्द मराठी बोलत नाही. या दिवसांत त्या भोकाशी बोलते, ते मी खिडकीतून ऐकून घेतो. पुढच्या साली ती मोठी होईल, मग घोरोबा कुठला आणि काय कुठलं. जितकं ऐकायला भेटते तितकं माझं."

मी त्याच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली.

धनत्रयोदशी, भेडाघाट आणि परत

दुसऱ्या दिवशी नानाने मला जबलपूर दाखवायचं मनावर घेतलं. आधी मदन महालाच्या टेकडीवरचा तो खडक. एका अजस्र शिळेवर दुसरी शिळा नुसती टेकलेली आहे, आता पडेल मग पडेल अशी. "भूकंपात घरं पडली, हिला काही नाही झालं," नाना अशा थाटात म्हणाला की जणू ती त्यानेच ठेवलीय. मी तिच्याखाली उभी राहून फोटो काढून घ्यायला साफ नकार दिला.

मग भेडाघाट. धुवांधार धबधब्याला नर्मदा इतकी आदळते की तुषारांनी चष्मा भरला आणि पुढचा अर्धा तास मी नाना समजून एका परक्या गृहस्थांच्या मागे चालत होते. नावेत बसलो, दोन्ही बाजूंना संगमरवरी कडे, पांढरे, मध्येच गुलाबी, मध्येच निळसर. नाववाला वल्हं मारता मारता यमकं जुळवून वर्णन करत होता आणि प्रत्येक कड्यात त्याला कुणीतरी दिसत होतं, हत्ती, गाडी, साधू. आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर नावाडी निमूट पलीकडे सोडतो. इथे हसवून सोडतात. मी पाण्यात हात घालायला वाकले तर तो यमक सोडून ओरडला, "अम्मा, हाथ अंदर! मगर है नीचे!" खरं की खोटं, पण हात मी काठाला लागेपर्यंत मांडीवरच ठेवला.

वाटेत खव्याची जिलेबी खाल्ली. काळपट, जाडजूड, आपल्या जिलेबीच्या थोरल्या काकूसारखी. एक खाल्ली की जेवण नको, आणि मी तीन खाल्ल्या. त्यामुळे घरी आल्यावर आडवी पडले होते. एवढ्यात ईरा धावत आत आली. डोळे मोठे झालेले.

"नाना! घोरोबा सच में घोर रहे थे! मैंने सुना!"

"असं? कसे घोरत होते?"

"ऐसे," म्हणून तिने दातांच्या फटीतून हवा सोडली.

नाना खूश होऊन हसला. मीही हसले. प्रीतीने कणीक मळता मळता म्हटलं, "ज़्यादा खिला दिया होगा तूने।" कुणाच्या मनात काही आलं नाही.

नरक चतुर्दशी

सकाळी उटणं लावून आंघोळी झाल्या. मी सांगलीहून पर्समध्ये जपून कारीट आणलं होतं. नरकासुर म्हणून ते पायाच्या अंगठ्याने फोडायचं असतं. तिकडे ते कुणी फोडत नाही, म्हणून मोठ्या तोऱ्यात मी ते ईरासमोर ठेवलं आणि सांगितलं, हा राक्षस, याला चिरडून टाक.

ती मागे सरकली. "नहीं, बुआ दादी। घोरोबा भी तो राक्षस हैं। बुरा मान जाएँगे।"

नानाने मला डोळ्यांनी खुणावलं. कारीट पुन्हा पर्समध्ये गेलं.

फराळ झाल्यावर मी अंगणाच्या पायरीवर उन्हात बसले. ईरा बशीतले शंकरपाळे घेऊन शहराकडे गेली. आज सण, म्हणून घोरोबालाही सकाळीच फराळ. ती भोकापुढे बसली आणि म्हणाली, "घोरोबा, जेवला का?" आणि मला आवाज आला. कुकरची शिटी होण्याआधी जी वाफ सुटत राहते, तसा. थांबला. पुन्हा सुरू झाला, जास्त मोठा.

"प्रीती, कुकर बघ गं," मी बसल्या जागेवरून हाक मारली.

प्रीती पदराला हात पुसत दारात आली. कुकर गॅसवर नव्हताच. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. ईराचा हात भोकाच्या तोंडाशी होता, बोटांत शंकरपाळा.

प्रीती ओरडली नाही. भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "ईरा, हाथ वहीं रोक ले। अंदर नहीं। अब धीरे से पीछे ले। शाबाश। उठना मत, बैठे-बैठे पीछे खिसक। और। और।"

"पर मम्मी, वो जाग गए हैं।"

"हाँ बेटा। और पीछे।"

ती हाताच्या अंतरात आल्याबरोबर प्रीतीने तिला इतक्या जोरात खेचलं की दोघी पायरीवर आपटल्या. मग प्रीती रडायला लागली. "खेत में सुनी है मैंने ये आवाज़, बुआजी। ये कुकर नहीं है।"

साप पकडणाऱ्या सुनीलला फोन केला. तो मोटरसायकलवर आला, आकड्याची काठी आणि कापडी पिशवी घेऊन. बॅटरीचा झोत भोकात टाकला आणि हळूच मागे झाला. "रसल वाइपर है, दादा। बड़ा है।" म्हणजे आपली घोणस. मी पायरीवरून खोलीत आणि खोलीतून पलंगावर गेले.

घोणस आली कशी, ते मागची बाजू बघितल्यावर कळलं. घोरोबाला हवा मिळावी म्हणून नानाने पाइपचं दुसरं तोंड कुंपणाच्या झुडपात उघडं ठेवलं होतं. कोजागरीपासून ईरा रोज आत चकली, शेव, लाह्या टाकत होती. त्या खाऊवर उंदीर आले होते आणि उंदरांमागे ती आली होती. खोट्या राक्षसाला आम्ही इतकं प्रेमाने जेवू घातलं की खरा येऊन राहिला.

सुनीलने मागचं तोंड दगडाने बंद केलं, पुढच्या तोंडाला फळी लावली आणि म्हणाला, "पाइप निकालना पड़ेगा। ऊपर का सब हटाना होगा।"

तो फावडं शोधायला लागला तर नाना पुढे झाला. "मेरा है। मैं ही हटाऊँगा।"

त्याने आधी महाल उचलला, मग मनोरे, एकेक करून. फ्लायओव्हर उचलून भिंतीला टेकवला. पुढे मात्र त्याने उचलणं सोडलं आणि फावड्याने हिरवळीसकट डोंगर ओढला. रस्ते, बाजार, कारंजी सगळं एका ढिगात. उघड्या पडलेल्या पाइपच्या तोंडाला सुनीलने पिशवी बांधली, फळी सरकवली, मागून काठीने ठोकलं. पिशवी जड होऊन लोंबली आणि आतून तो वाफेचा आवाज आला.

नाना हात न धुताच पायरीवर ईराशेजारी जाऊन बसला. मी खिडकीतून ऐकत होते, त्याच पडद्याआडून.

"ईरा, ऐक. घोरोबा नाही. कधीच नव्हता. नानानं मनानं बनवला होता. हा साप आहे, चावला असता तर... आता कुठल्याच भोकात, कुठल्याच बिळात हात घालायचा नाही. कोणी बोलावलं तरी नाही. मी बोलावलं तरी नाही. घोरोबा नाही, बेटा."

मला त्याला जाऊन थांबवावंसं वाटलं. पण तो बरोबर बोलत होता. वर्षभर वाट बघून मिळायचं ते त्याने स्वतःच्या तोंडाने मोडलं आणि मोडताना आवाज चढवला नाही.

ईराने नानाकडे बघितलं नाही. ती पिशवीकडे बघत होती. सुनील पिशवीला गाठ मारून फाटकाकडे निघाला तशी ती आईचा हात सोडवून त्याच्यामागे गेली, पण चार पावलं अंतर ठेवून.

"भैया, इनको हिंदी नहीं आती।"

"किसको, बेटा?"

"घोरोबा को। मराठी में बोलना पड़ता है, नहीं तो सोते नहीं।"

सुनीलने नाना-प्रीतीकडे बघितलं. मग मोटरसायकलला टेकून उभा राहिला. "मुझे तो नहीं आती।"

"मैं सिखाती हूँ। बोलो, जेवला का?"

"जेवला का।"

"चकली आणली. आता खा आणि झोप."

"इतना सारा नहीं होगा, बिटिया। जेवला का, इतना पूछ लूँगा।"

"ठीक है। पर हाथ मत डालना, भैया। दूर से पूछना। नाना ने मना किया है।"

नानाने मान खाली घातली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

प्रीतीने गक्कड-भरता केला होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवर तूप, सोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत. आपल्या भरताला दाण्याच्या कुटाचा गुण आहे, याला धुराचा. मी लाज सोडून जेवले. घाबरल्यावर मला जास्त भूक लागते. नाना मात्र सकाळपासून उपाशी. ताट वाढलं, परत गेलं. प्रीती म्हणाली, मी म्हणाले. "नंतर घेतो न," म्हणून तो अंगणातल्या ढिगाकडे बघत बसून राहिला.

"माझ्या हातानं मी पोरीला तिथं बसवून राहिलो होतो, शकू," एवढंच एकदा म्हणाला.

पणत्या लावायच्या सुमारास प्रीतीचा फोन वाजला. सुनील होता. तिने स्पीकरवर टाकला. "छोड़ दिया, भाभी। बरगी तरफ, जंगल में। और बिटिया को बता देना, पूछ लिया मैंने। जेवला का। दूर से।"

"क्या बोले?" ईराने फोनजवळ तोंड नेलं.

"कुछ नहीं बोले। घास में चले गए।"

ईरा आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती हातात चकली घेऊन, आणि सरळ नानासमोर उकिडवी बसली, जशी त्या भोकापुढे बसायची.

"नाना, जेवला का?"

नानाने आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे खिडकीकडे. तिथे कुणी नव्हतं.

"नाही न, बेटा," तो म्हणाला.

"चकली आणली. खा." तिने ती त्याच्या मातीच्या हातात दिली. "आज मम्मी खूप रडली. मी नाही रडली. आत्याआजी पलंगावर चढली होती, मी पाहिलं. आणि मी हात नाही घालणार, कुठेच नाही घालणार. आता खा आणि झोप."

नाना चकली खायला लागला. या वेळी त्याने डोळे मिटले नव्हते.